खिडकीकडचा शेवटचा लॅपटॉप

१

बारा वाजून पाच मिनिटांनी वाचनकक्षात कुणीतरी मोठ्याने बोललं. हेच मुळात आक्रीत होतं, आणि बोलणारी अक्का निघाली हे त्याहून मोठं आक्रीत. पाच वर्षांत अक्काचा आवाज कुजबुजीच्या वर कधी चढला नव्हता.

"माझा लॅपटॉप कुठंय?"

चाळीस माना वर झाल्या. काउंटरवरच्या मावशींनी थर्मासचं झाकण होतं तसं अर्धवट सोडलं आणि त्या सात नंबरच्या टेबलाकडे निघाल्या.

मावशी म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयातला हा वाचनकक्ष सांभाळणाऱ्या बाई. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा लांबलचक होता, पण पोरांच्या किती पिढ्या आल्या नि गेल्या, सगळ्यांना त्या मावशीच. तीस वर्षांत इथून एक खोडरबरसुद्धा हरवलं नाही, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ते अगदीच खरं नव्हतं. छत्र्या हरवत. पण छत्र्या मावशी हिशेबात धरत नसत.

सात नंबरच्या टेबलाचं एक टोक थेट खिडकीला टेकलेलं. त्याच्या एका बाजूला दोन खुर्च्या: खिडकीलगतची एक आणि तिच्या शेजारची अक्काची. समोरच्या बाजूला जाडजूड खांब, आणि त्याच्या सावलीत एकच खुर्ची. तिच्यावर डुलक्या नावाचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा लॅपटॉपवर गाल टेकून झोपला होता. एवढ्या ओरड्यानेही त्याची पापणी हलली नव्हती. खिडकीलगतची खुर्ची रिकामी होती, तिच्यासमोर टेबलावर मावशींनीच चिकटवलेली पिवळी चिठ्ठी होती. अक्काच्या खुर्चीसमोरही तशीच चिठ्ठी. शिवाय तिथे चार्जरची वायर लोळत पडली होती, आणि सॉकेटमध्ये खोचलेल्या डबीवरचा हिरवा दिवा इमानेइतबारे जळत होता.

लॅपटॉप मात्र नव्हता.

"मावशी, आज शेवटची तारीख आहे," अक्का म्हणाली. "पाच वाजता पोर्टल बंद होतं."

मावशींना ते सांगायची गरज नव्हती. अक्काचा प्रबंध ही अख्ख्या वाचनकक्षाची घरगुती बाब होती. मुदतवाढ तीनदा मिळून झाली होती, चौथी मिळत नाही. आज प्रबंध चढवला नाही तर नोंदणीच रद्द, पाच वर्षं पाण्यात.

"प्रबंध दुसरीकडेही कुठे साठवून ठेवला असशील ना गं?"

"सरांकडे आहे, पण महिन्यापूर्वीचा. शेवटची दोन प्रकरणं त्यानंतर सगळी नव्याने लिहिली."

"आणि तो पेनड्राइव्ह? गळ्यात घालून फिरायचीस तो?"

अक्काने मान खाली घातली. "परवा कपड्यांबरोबर धुतला गेला."

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला पाच तासही उरले नव्हते.

२

घरी मावशींच्या नवऱ्याचा चष्मा दिवसातून दोनदा हरवे आणि लेकाच्या गाडीची किल्ली एकदा. त्या अनुभवातून मावशींनी एक नियम काढला होता, आणि तो त्या दोघांना येताजाता सुनावत: वस्तू सापडत नसली की घर उलथंपालथं करू नका, आधी आपलेच हात काय करत होते ते आठवा. आता तोच नियम लावायचा म्हणून त्यांनी अक्काला काउंटरमागे स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, थर्मासच्या झाकणात चहा ओतून हातात दिला आणि सकाळपासूनचा दिवस ओळीने आठवायला घेतला.

नऊला कुलूप उघडलं. सव्वानऊला डुलक्या जांभई देत काउंटरवर आला नि म्हणाला, "मावशी, तुमच्या संगणकावर पाच मिनिटं मेल बघू? माझा लॅपटॉप सोमवारपासून डॉक्टरकडे पडलाय." डॉक्टर म्हणजे तळघरातल्या संगणक कक्षातला दुरुस्तीवाला. कसलाही आजार घेऊन जा, त्याचं औषध ठरलेलं: सगळं पुसून टाकायचं आणि नव्याने घालायचं. पोरं त्याच्याकडे लॅपटॉप नेताना आधी त्याचा निरोप घेत.

साडेनऊपर्यंत सगळी टेबलं भरली. खिडकीलगत वकील बसला. वकील अजून वकील झालेला नव्हता, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता, पण बोलणं आतापासूनच तसं. ती खुर्ची खरं तर पाच वर्षं अक्काची. परंतु तिथे वायफाय जोरात येतं, म्हणून कालपासून वकिलाने ती बळकावली होती. "जागा कुणाच्या नावावर नसते, अक्का," असं त्याने काल सगळ्यांदेखत बजावलं, आणि अक्काने एक अक्षर न बोलता बिऱ्हाड शेजारच्या खुर्चीवर हलवलं. मावशींना ते लागलं होतं. पण नियम वकिलाच्या बाजूने होता.

सव्वाअकराला फेरी. लॅपटॉप मागे ठेवून कुणी उठून गेलं असेल तर मावशी त्याच्यासमोर वेळ लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवत. तासाभरात माणूस परतलं नाही तर लॅपटॉप काउंटरवर जमा आणि जागा उभ्या असलेल्याला. नाहीतर पोरं सकाळी लॅपटॉप मांडून जात आणि संध्याकाळी त्याला न्यायला येत. आज चिठ्ठ्या सात लावल्या, त्यातली एक चहाला उठलेल्या अक्काच्या जागी. साडेअकराला नेहमीप्रमाणे उन्हाची कामं केली, कारण पडद्याची दोरी सहा वर्षं तुटलेली आहे आणि अर्ज वरच्या मजल्यावर फिरतो आहे. मग काउंटरवर बसून पुस्तकांना लेबलं लावली. बाराला थर्मास उघडला. बारा पाचला ओरडा.

यात चोर कुठेच बसत नव्हता.

मावशी दाराशी गेल्या. दरवानकाका स्टुलावर ताठ बसले होते. ग्रंथालयाला बाहेर जायचं दार हे एकच. बाहेर पडणारा लॅपटॉप काका उलटा करत, पोटावरचा नंबर ओळखपत्राशी जुळवत आणि मगच सोडत.

"ताई, अकरापासून तीन लॅपटॉप गेले. तिन्हींचे नंबर मी स्वतः जुळवले," काका म्हणाले.

"आणि वकील? तो गेला बाहेर?"

"कुठला हो. सकाळी आत आला तो आतच आहे. वर तिसऱ्या मजल्यावर त्यांचा तो सरावाचा खटला आहे ना आज. पाहुणे म्हणून खरे न्यायाधीश आलेत."

म्हणजे लॅपटॉप इमारतीतच होता. काकांनी दार लावून घेतलं आणि झडती सुरू झाली. कॅमेऱ्याचा उपयोग नव्हता. तो एकच होता आणि पुस्तकांच्या कपाटांकडे बघत होता, पोरं पुस्तकं चोरायची त्या काळातला. मावशी टेबलाटेबलाशी गेल्या. मोकळा पडलेला किंवा पिशवीत दडलेला प्रत्येक लॅपटॉप उलटा करून नंबर पाहिला. ज्याच्यापुढे माणूस बसलं होतं तो उलटा करायचा प्रश्नच नव्हता, कारण अक्काचा परवलीचा शब्द अक्काशिवाय कुणाला ठाऊक असणार?

डुलक्याला मात्र हलवून जागं केलं. "काही पाहिलंस का रे? अकरा-बाराच्या मध्ये?"

डुलक्याने एक डोळा उघडला. "पाहिलं नाही मावशी. ऐकलं. माझ्या खुर्चीला धक्का लागला आणि कुणीतरी 'सॉरी दादा' म्हणालं."

"कोण?"

"डोळे उघडले असते तर पूर्ण जाग आली असती," डुलक्या म्हणाला आणि पुन्हा गाल टेकून झोपी गेला.

एक वाजता अक्काचा फोन थरथरला. तिच्या आईचा होता. "दिलास का गं एकदाचा?" एवढं मावशींनाही ऐकू आलं.

"देतेय, आई," अक्का म्हणाली. फोन ठेवला आणि थंड झालेला चहा तिने एका घोटात संपवला. मावशींना भडभडून आलं.

३

साहेबांनी, म्हणजे ग्रंथपालांनी, खाली येऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, तीनपर्यंत सापडला नाही तर पोलीस. दोन, तसं झालं तर उद्यापासून वाचनकक्षात लॅपटॉप सोडून उठायला बंदी. सांगून ते जेवायला गेले. पोरांचा कौल तोवर ठरला होता: वकील. कालचं भांडण सगळ्यांनी पाहिलेलं, आज दोघांच्या खुर्च्या शेजारीशेजारी, आणि स्वारी अकरापासून गायब. फोनही बंद, आणि न्यायाधीश बसलेल्या खटल्यात मध्येच कुणाला आत सोडत नव्हते.

मावशींना मात्र चार्जर बोचत होता.

त्या पुन्हा सात नंबरच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. अक्काचा लॅपटॉप पाच वर्षांपूर्वीचा, विद्यापीठाने योजनेतून एकाच दिवशी वाटले त्यातला: काळा, चौकोनी, त्याचे भाऊबंद इमारतीत पन्नास तरी असतील. पण त्याची बॅटरी वर्षभरापूर्वीच वारली होती. वायर सुटली की तो क्षणात बंद. कुणाचा पाय वायरीत अडकला की अक्का "अगंबाई" करून कुजबुजत किंचाळे, आणि अख्खा वाचनकक्ष हसून पुन्हा कामाला लागे. आठवड्यातून दोनदा हे नाटक ठरलेलं. म्हणजे ही बॅटरी मेलेली आहे हे इथे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मग चार्जर सोडून कोण नेईल?" त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या काकांना विचारलं. "ज्याला ठाऊक नाही तोच. म्हणजे इथला नेहमीचा कुणी नव्हे. वकीलही नव्हे. तो तर काल दिवसभर त्या वायरीला लागूनच बसला होता."

"मग बाहेरचा चोर?"

"चोर 'सॉरी दादा' म्हणतो का हो? कुणीतरी लहान आहे. या खोलीत पहिल्यांदा आलेलं, आणि घाबरलेलं."

बोलताबोलता मावशींची नजर खिडकीलगतच्या रिकाम्या जागेवर गेली. तिथे ऊन पसरलं होतं, आणि उन्हात ती पिवळी चिठ्ठी: ११.१५. स्वतःचंच अक्षर. मावशी चिठ्ठीवर वाकल्या.

"काय झालं, ताई?"

"काका, ही चिठ्ठी मी माणूस उठून गेलं म्हणून लावत नाही. माणसामागे लॅपटॉप राहिला तरच लावते. म्हणजे सव्वाअकराला वकिलाचा लॅपटॉप इथे होता. आम्ही सगळे समजत होतो की तो सोबत घेऊन गेला." त्यांनी रिकाम्या लाकडावर तळहात ठेवला. "म्हणजे आज या टेबलावरून एक नाही, दोन लॅपटॉप नाहीसे झालेत."

४

दोन वाजून दहा मिनिटांनी वकील जिना उतरून आला. सोबत एक सडपातळ मुलगी होती, डोळे रडून सुजलेले. त्याचा चेहरा असा पडला होता की त्याला धरायला पुढे सरसावलेली पोरं जागीच थबकली.

"चोरा!" अक्का उभी राहिली. सकाळपासून दुसऱ्यांदा तिचा आवाज चढला होता. "तुला जागा हवी होती ना? दिली ना मी? आता माझा लॅपटॉप दे!"

"आक्षेप आहे!" वकील सवयीने म्हणाला, मग भानावर आला. "अक्का, शप्पथ, मला काही माहीत नाही. आज माझंच पार वाटोळं झालंय. ऐन खटल्यात माझा लॅपटॉप चालूच होईना. महिन्यापूर्वी नवी बॅटरी घातलेली, सात तास चालते, म्हणून चार्जरसुद्धा आणला नव्हता. सगळे मुद्दे त्यात. न्यायाधीशांपुढे ततपप झालं माझं."

"कुठला लॅपटॉप?" मावशींनी हळूच विचारलं. "तू तर तो इथेच ठेवून वर गेलास."

"हो ना. आधी जागा बघून यायची होती. मग पावणेबाराला छोटीला आणायला पाठवलं." त्याने त्या मुलीला पुढे केलं. "ही माझी धाकटी बहीण. पहिल्या वर्षाला आहे."

छोटीने दादाची बाही धरली. "मावशी, मी काही केलं नाही हो. दादा म्हणाला, सात नंबरचं टेबल, खिडकीकडचा शेवटचा लॅपटॉप. मी तोच आणला."

"या वाचनकक्षात आधी कधी आली होतीस?"

"नाही. सगळे इतके गप्प बसलेले, मला भीतीच वाटली. एका झोपलेल्या दादाच्या खुर्चीला माझा धक्कापण लागला."

"वायर होती त्याला?"

"होती. मी काढली. दादाने वायरीचं काही सांगितलं नव्हतं."

अक्काने तोंडावर हात ठेवला. वकिलाने छोटीकडे पाहिलं, मग सॉकेटमधल्या हिरव्या दिव्याकडे, आणि त्याचं धाबं दणाणलं.

"म्हणजे मी वर बडवत होतो तो..."

"अक्काचा," मावशी म्हणाल्या. "बॅटरी मेलेली. चालू कसा होईल? पोटावरचा नंबर तू बघणार नाहीस, कारण आपलाच लॅपटॉप कुणी उलटा करून बघत नाही."

"पण मावशी, मग माझा कुठे आहे? माझा खिडकीलगत होता, अगदी शेवटचा. छोटी खोटं बोलणार नाही."

छोटी खोटं बोलत नव्हती. तिने आणला तेव्हा खिडकीकडचा शेवटचा लॅपटॉप अक्काचाच होता, कारण त्याच्यापुढचा तोवर हलला होता. कुठे हलला, याचं उत्तर मावशींना सकाळी सव्वानऊला जांभईसकट मिळालेलं होतं.

त्या वळल्या आणि डुलक्याच्या खांद्याला हात लावला. "ऊठ रे बाळा. तुझा लॅपटॉप कुठे आहे?"

"डॉक्टरकडे," डुलक्या झोपेत म्हणाला. "सोमवारपासून."

"मग ही उशी कुणाची?"

डुलक्याने डोकं उचललं. गालावर लॅपटॉपच्या कडेची सरळ रेघ उठली होती. खालच्या काळ्या वस्तूकडे त्याने पहिल्यांदाच बघितलं. "मला काय ठाऊक? मी झोपलो तेव्हा वही होती."

काकांनी लॅपटॉप उलटा केला आणि वकिलाच्या ओळखपत्राशी नंबर जुळवला. जुळला. वकिलाने बटण दाबलं. पडदा लगेच उजळला, बॅटरी सत्तर टक्के.

हसावं की रडावं हे कुणालाच कळेना. अक्का मात्र सरळ मुद्द्यावर आली. "माझा कुठे आहे?"

वकिलाचा रंग उडाला. "मी... तो मी बाराच्या सुमाराला डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. खूप संताप आला होता, अक्का. वर कागद चिकटवला."

"काय लिहिलंस कागदावर?"

"चालू होत नाही. सगळं पुसून टाका."

५

तळघराचा जिना मावशी गेल्या कित्येक वर्षांत धावत उतरल्या नव्हत्या. डॉक्टर एकला जेवायला जातो आणि अडीचला परत काम सुरू करतो, हे सगळ्यांना पाठ. घड्याळात दोन पंचवीस झाले होते. अजून पाच मिनिटं होती.

संगणक कक्षाचं दार सताड उघडं होतं. डॉक्टर कामाला लागला होता.

"आज लवकर घरी जायचंय, म्हणून दोनलाच बसलो," तो पाठ न वळवता म्हणाला. त्याच्यासमोर एक काळा, चौकोनी लॅपटॉप होता. पडद्यावर पांढरी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. तिच्याखाली आकडा होता, चौसष्ट. बघताबघता पासष्ट झाला.

अक्का दारातच मटकन खाली बसली.

वकील पुढे झेपावला, पण मावशींनी त्याचा हात धरला. "थांब. डॉक्टर, हा कुणाचा?"

"तुमच्या त्या झोपाळू पोराचा. सोमवारपासून पडला होता." डॉक्टरने कोपऱ्याकडे बोट केलं. "वकिलाचा त्यानंतर. रांगेने घेतो मी."

कोपऱ्यात दुसरा काळा लॅपटॉप होता. वर रागारागात लिहिलेला कागद. मावशींनी तो उचलला, उलटा केला, नंबर मोठ्याने वाचला. अक्काला स्वतःचा नंबर पाठ होता. ती रडायलाच लागली.

वकिलाने टेबलाखाली रांगत जाऊन मोकळं सॉकेट शोधलं. अक्काने मुठीत धरून आणलेला चार्जर जोडला. पडदा उजळला. मग अक्काने परवलीचा शब्द टाकून सकाळी अर्धवट सोडलेली फाइल उघडली: प्रकरण सहा, आणि वाक्याच्या शेवटी लुकलुकणारी रेघ.

"माझ्यात काय होतं ते कुणी विचारणार का?" मागून डुलक्याचा आवाज आला. तोही धावत आला होता, आयुष्यात पहिल्यांदा.

"काय होतं?" मावशींनी विचारलं.

डुलक्याने पांढऱ्या पट्टीकडे उदासपणे पाहिलं. "अभ्यास," तो म्हणाला, आणि कुणीच विश्वास ठेवला नाही.

६

पोर्टल पाचला बंद होणार होतं. अक्काने तीन चाळीसला प्रबंध चढवला. खिडकीलगतच्या खुर्चीवर बसून चढवला, कारण वकिलाने ती स्वतःच्या रुमालाने पुसून दिली होती. "स्वीकारले" असं हिरवं अक्षर पडद्यावर आलं तेव्हा वाचनकक्षात टाळ्या वाजल्या, आणि मावशींनी कुणालाही गप्प केलं नाही. छोटीला कुणीतरी बिस्किटं दिली. काकांनी दार उघडलं. अक्काने आईला फोन लावला आणि "दिला गं" एवढंच म्हणाली.

सगळं मिटलं होतं, म्हणजे मावशी सोडून सगळ्यांसाठी.

एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. वकिलाचा लॅपटॉप खिडकीपासून डुलक्याच्या गालाखाली गेला कसा? आनंदाच्या भरात सगळे तो विसरले होते. उद्या आठवला तरी डुलक्याने झोपेत ओढून घेतला असेल, असंच म्हणाले असते. डुलक्याबद्दल काहीही खपलं असतं.

पण मावशींना उत्तर डुलक्याला उठवतानाच कळलं होतं, आणि तळघराच्या जिन्याची प्रत्येक पायरी त्या ते उत्तर सोबत घेऊन उतरल्या होत्या. साडेअकरा. उन्हाची कामं. खिडकीलगतच्या खुर्चीसमोर काळा लॅपटॉप, त्यावर तापतं ऊन, आणि मालक जागेवर नाही. त्यांचे हात पुढे झाले आणि त्यांनी तो समोर खांबाच्या सावलीत सरकवला, डुलक्याच्या कोपराशी; पुढे झोपेत त्याने तो उशीला घेतला. पाच वर्षं रोज तेच करत होते ते हात. हातांना वाटलं अक्काचाच आहे. वायर नाही, हेही हातांना कळलं नाही. आणि टेबलाला चिकटलेली चिठ्ठी उन्हातच राहिली.

नवऱ्याला येताजाता सुनावायच्या, आधी आपले हात आठवा म्हणून. आणि आज अख्ख्या वाचनकक्षाची झडती घेऊन झाली, तरी स्वतःचे हात त्यांना शेवटी आठवले. गप्प राहिलं असतं तर तीस वर्षांचं ते वाक्य शाबूत राहिलं असतं.

मावशी उठल्या आणि सात नंबरच्या टेबलाशी गेल्या. तिथे वकील होता, छोटी होती, काका होते.

"अक्का, मला सांगायचंय," त्या म्हणाल्या. "वकिलाचा लॅपटॉप मी हलवला. उन्हात होता म्हणून. तुझाच समजून. मी हात लावला नसता तर या पोरीने बरोबर तोच उचलला असता, आणि तुला आजचा दिवस बघावा लागला नसता. आज जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे."

वकिलाने तोंड उघडलं, बहुधा आक्षेप घ्यायला, आणि मिटलं.

अक्काने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, प्रबंधाचं अगदी पहिलं पान काढलं आणि पडदा मावशींकडे फिरवला. पान ऋणनिर्देशाचं होतं. वर सरांचं नाव, मग आईवडिलांचं. मावशींनी चष्मा लावला आणि अक्काच्या बोटाखालची ओळ वाचली.

"आणि वाचनकक्षातल्या मावशींना. मी चहाला उठले की गेली पाच वर्षं रोज साडेअकराला त्यांनी माझा लॅपटॉप उन्हातून सावलीत सरकवला, आणि मला ते कळत नाही असं समजत राहिल्या."

"हे केव्हा लिहिलंस?" मावशींनी विचारलं.

"गेल्या महिन्यात. आता बदलता येणार नाही, मावशी. स्वीकारलंय त्यांनी."

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि ती ओळ आणखी एकदा वाचली. मग अक्काच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काउंटरवर जाऊन बसल्या. थर्मास दुपारपासून तसाच उघडा होता.

दुसऱ्या दिवशी अक्का आली नाही. आता तिला यायचं काही कारण नव्हतं. खिडकीलगतच्या खुर्चीवर वकिलाने छोटीला बसवलं होतं, आणि अकराला ती लॅपटॉप तसाच टाकून तासाला गेली होती. साडेअकराला ऊन टेबलावर आलं. मावशी उठल्या. त्यांनी आधी लॅपटॉप उलटा करून पोटावरचा नंबर वहीत टिपला, मग तो सावलीत सरकवला, आणि पिवळी चिठ्ठी टेबलावरून सोडवून त्याच्याशेजारी नीट दाबून चिकटवली.